उंचीवरची ऊर्जा कोणाच्या नावावर?

'उंचीवर ठेवलेल्या वस्तूमध्ये ऊर्जा साठवलेली असते.' माध्यमिक शाळेत स्थितिज ऊर्जेचा पाठ बहुधा या वाक्याने सुरू होतो. मग फळ्यावर सूत्र येते : वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. मुले त्याला 'एमजीएच' म्हणतात. दोन-चार उदाहरणे सुटली की पाठ संपतो.

पण एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी हात वर करते आणि विचारते : टेबलावरच्या डस्टरमध्ये ऊर्जा आहे म्हणता, तर ती त्याच्या कोणत्या भागात आहे? उंची टेबलापासून मोजायची की जमिनीपासून? तोच डस्टर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरला तर खालची जमीन एकदम दूर गेली; मग डस्टरमधली ऊर्जा आपोआप वाढली का?

हे प्रश्न खोडसाळ नाहीत. पाठ्यपुस्तकातले ते पहिले वाक्य सोयीचे असले तरी अर्धवट आहे, आणि प्रश्न नेमके त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे बोट दाखवतात. ते तसेच सोडून दिले, तर अकरावीत याच ऊर्जेच्या सूत्राला उणे चिन्ह लागते तेव्हा मुले गोंधळतात. ऊर्जा उणे कशी असेल? उत्तर सापडले नाही की सूत्र पाठ होते आणि विषय हातचा जातो. म्हणून या लेखात आपण हे वाक्य नीट पुरे करण्याचा प्रयत्न करू. त्यासाठी प्रयोगशाळेतील उपकरणे नकोत. सह्याद्री पुरेसा आहे.

कोयनेचा हिशेब

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना नदीवर धरण आहे. त्याच्या शिवसागर जलाशयातील पाण्याचा एक मोठा वाटा बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवला जातो. तो सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतो. जलाशय आणि वीजगृह यांच्या पातळ्यांत सुमारे ४७५ मीटरचा फरक आहे.

एक घनमीटर पाणी घेऊ, म्हणजे हजार लिटर. घराच्या गच्चीवरील मोठ्या टाकीएवढे. त्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. गुरुत्वत्वरण ९.८ धरले तर ४७५ मीटर उतरताना या पाण्याकडून मिळू शकणारी ऊर्जा होते १००० × ९.८ × ४७५, म्हणजे सुमारे ४६ लाख ५५ हजार ज्यूल. विजेचे एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असते. तेव्हा हे झाले जवळजवळ १.३ युनिट. वाटेतील घर्षण आणि यंत्रांतील घट वजा केली तरी एक युनिटाहून थोडी जास्त वीज हाती येते. तेवढ्यावर ७५ वॅटचा पंखा चौदा-पंधरा तास चालेल.

आता तेच हजार लिटर पाणी तिमजली इमारतीच्या गच्चीवर, दहा मीटर उंचीवर ठेवू. ऊर्जा होते ९८ हजार ज्यूल. एका युनिटाच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास. घट मुळीच न धरता तोच पंखा वीस-बावीस मिनिटे चालेल. गच्चीवरच्या टाकीतून वीज काढण्याचा धंदा कोणी का करत नाही, ते या एका गुणाकारातून मुलांना कळते. कोयनेची खरी संपत्ती नुसते पाणी नव्हे, पाणी आणि कडा यांची गाठ ही आहे.

शून्य कुठे मांडायचा?

या हिशेबात आपण उंची पोफळीच्या वीजगृहापासून मोजली. पण जलाशय भरलेला असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर असते. मग खरी उंची कोणती, ४७५ की ६५०?

दोन्ही. प्रश्न पोफळीपर्यंतचा असेल तर ४७५ आणि समुद्रापर्यंतचा असेल तर ६५०. पोफळीत काम करून बाहेर पडलेल्या पाण्यातही अजून काही देण्याजोगे शिल्लक असते. ते पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात अडवले जाते आणि तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात पुन्हा उतरवले जाते. 'पाण्यात किती ऊर्जा आहे' हा प्रश्न अपुरा आहे. 'इथून तिथे जाताना किती ऊर्जा मिळेल' हा पुरा प्रश्न झाला.

शून्य कुठे मांडायचा हे आपण ठरवतो. तो समुद्रसपाटीवर मांडा, वर्गाच्या फरशीवर मांडा किंवा टेबलाच्या पृष्ठभागावर मांडा. सगळ्या उंच्यांतून एकच आकडा वजा झाला, तर दोन उंच्यांमधला फरक बदलत नाही, आणि निसर्गाला फक्त फरकाशी देणेघेणे आहे. टेबलावर शून्य मांडला तर फरशीवरच्या डस्टरची स्थितिज ऊर्जा उणे येते. त्यात काही बिघडत नाही. जमिनीला शून्य धरून विहिरीच्या तळाची पातळी आपण उणे बारा मीटर म्हणतोच की.

हे वर्गात दाखवता येते. एका परातीत बारीक, सारखी केलेली वाळू घ्यावी. तळमजल्यावर वाळूपासून एक मीटर उंचीवरून एक जड गोटी सोडावी आणि पडलेला खळगा मोजावा. मग परात वरच्या मजल्यावर न्यावी आणि पुन्हा वाळूपासून एक मीटरवरूनच गोटी सोडावी. रस्त्यापासून गोटीची उंची आता कितीतरी जास्त आहे, पण खळगा तेवढाच पडतो. त्यानंतर दोन मीटरवरून सोडून पाहावे. खळगा वाढतो. परातीला रस्त्याची उंची ठाऊक नसते. सुटलेली जागा आणि पडलेली जागा यांतला फरक तेवढा तिच्यापर्यंत पोचतो.

दोन वाटा, एकच उतार

कोयनेचे पाणी आणखी एक गोष्ट शिकवते. जलाशयातून पश्चिमेला गेलेले पाणी कड्यातून उतरून वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्राला मिळते. पण कोयना नदीची मूळ वाट पूर्वेची आहे. ती कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचते.

एक किलो पाणी पश्चिमेला गेले आणि एक किलो पूर्वेला. समुद्रसपाटीला पोचेपर्यंत कोणाची स्थितिज ऊर्जा जास्त घटली? वर्गात हात वर करायला सांगितले तर पुष्कळ मुले कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या बाजूने कौल देतील. उत्तर मात्र 'दोघांची सारखीच' असे आहे. दोन्ही पाणी ६५० मीटर उतरले. दोन्हींनी सुमारे ६४०० ज्यूल सोडले. वाट उभी होती की आडवी, लांब होती की आखूड, याने या आकड्यात बदल होत नाही.

मग पूर्वेच्या पाण्याची ऊर्जा जाते कुठे? श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांवर तिच्यातला काही भाग वीज होतो. काही गाळ ढकलण्यात आणि काठ खोदण्यात खर्च होतो. बाकीची पाण्याच्या आपसातल्या आणि तळाशी होणाऱ्या घर्षणात उष्णता होऊन जाते. ही उष्णता किती असेल? एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. म्हणजे सगळे ६४०० ज्यूल पाण्यातच राहिले असते, तरी तापमान फार तर दीड अंशाने वाढले असते. तेही हजार किलोमीटरच्या प्रवासात ऊन, वारा आणि बाष्पीभवन यांत हरवून जाते. नदी तापलेली कोणाला जाणवत नाही ती यामुळे.

जेम्स ज्यूल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४५ साली नेमका असाच हिशेब मांडला होता. नायगारा धबधब्याची उंची १६० फूट धरून त्याने सांगितले की पायथ्याचे पाणी माथ्याच्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश अंश फॅरनहाइटने अधिक गरम असले पाहिजे. उंचीचा फरक तापमानाच्या फरकात मोजता येतो, हा त्या काळी फार धाडसी विचार होता. ज्याच्या नावाने आज आपण ऊर्जा मोजतो तो हाच ज्यूल.

फुकटच्या विजेचे यंत्र

वाटेने फरक पडत नाही, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा परिणाम मोठा आहे. वाट कोणतीही असो, एखादी वस्तू फिरून मूळ जागी आली की स्थितिज ऊर्जेचा जमाखर्च शून्य होतो. चढताना जेवढी घातली तेवढीच उतरताना मिळते. एक ज्यूल जास्त नाही.

संशोधन संस्थांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे अधूनमधून एक विशिष्ट प्रकारचा आराखडा येतो. पंपाने पाणी वरच्या टाकीत चढवायचे, ते खाली सोडून टर्बाइन फिरवायचे, त्या विजेवर तोच पंप चालवायचा आणि उरलेली वीज गावाला द्यायची. काढणारा माणूस प्रामाणिक असतो, हाताने कुशल असतो, आणि पुष्कळदा पदरचे पैसे घालून बसलेला असतो. त्याला कोणीतरी शाळेत सांगितलेले असते की उंचावरच्या पाण्यात ऊर्जा 'असते'. ती तिथे आहेच, तर काढून का घेऊ नये, असा त्याचा सरळ विचार. पाणी वर चढवणारा आणि उतरवणारा व्यवहार एकाच वहीत लिहायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. घर्षण मुळीच नसते तरी उरलेली वीज शून्य आली असती. घर्षण असतेच, म्हणून यंत्र हळूहळू थांबते.

'मग घाटघरला काय करतात?' असे कोणी विचारील. अकोले तालुक्यातील घाटघरला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. तिथे वर एक जलाशय आणि कड्याखाली चोंढ्याला दुसरा जलाशय आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. पण पाणी चढवायला लागणारी वीज उतरताना मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. अशा प्रकल्पांत साधारण शंभर युनिट घालून सत्तर ते ऐंशी युनिट परत मिळतात. लाभ आहे तो वेळेचा : नको तेव्हाची वीज हवी तेव्हा मिळते. घाटघर म्हणजे विजेची कोठी आहे, शेत नव्हे. कोठीत घातल्यापेक्षा जास्त धान्य निघत नाही.

आणि कोयनेचे पाणी वर कोणी चढवले? सूर्याने. समुद्राचे एक किलो पाणी वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. त्या एका किलोकडून पोफळीला आपल्याला मिळतात जेमतेम ४६५५ ज्यूल. सूर्याने घातलेल्याच्या पाचशेव्या भागाएवढे! बाकीची ऊर्जा वाफेचे ढग होताना हवेत मोकळी होते आणि पावसाळी वारे चालवते. कोयनेची वीज फुकट नाही. तिचे बिल दुसऱ्या कोणीतरी भरलेले आहे.

दगडाची की पृथ्वीची?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. डस्टरमधली ऊर्जा डस्टरच्या कोणत्या भागात असते?

दोन सारख्या खेळण्यातल्या मोटारी घ्या. त्यांच्यामध्ये रबर बांधा, मोटारी ओढून दूर धरा आणि मुलांना विचारा : ऊर्जा कोणत्या मोटारीत आहे? मुले लगेच सांगतील, मोटारीत नाही, ताणलेल्या रबरात आहे. दोन्ही मोटारी एकदम सोडा. त्या साधारण मध्यावर भेटतील. मग एका मोटारीवर जड वजन बांधा आणि रबर तेवढेच ताणून पुन्हा सोडा. आता हलकी मोटार धावत येईल आणि जड मोटार जागची थोडीच हलेल. घर्षणामुळे आकडे चोख येणार नाहीत, पण कल उघड दिसतो. रबराची ऊर्जा तेवढीच होती. वाटणी मात्र बदलली. सगळी धावपळ हलक्या मोटारीच्या वाट्याला आली.

दगड आणि पृथ्वी यांचे असेच आहे. पृथ्वी दगडाला जेवढ्या बलाने ओढते तेवढ्याच बलाने दगड पृथ्वीला ओढतो. दगड खाली येतो तशी पृथ्वीही त्याच्याकडे वर सरकते. दोघांचे संवेग सारखे व विरुद्ध असतात, त्यामुळे गतिज ऊर्जेची वाटणी वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात होते. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ वर चोवीस शून्ये इतके किलोग्रॅम आहे. एक किलोच्या दगडाशी वाटणी करताना तिच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. सगळी गतिज ऊर्जा दगडाच्या हाती पडते, म्हणून आपल्याला वाटते की ती त्याचीच होती.

दगडाऐवजी चंद्र घेतला तर चित्र बदलते. पृथ्वी चंद्राच्या सुमारे ८१ पट जड आहे. ती दोघे स्थिर उभी करून एकमेकांकडे पडू दिली असती, तर ऊर्जेचे ८२ भाग करून ८१ चंद्राला आणि एक पृथ्वीला मिळाला असता. सारख्या वस्तुमानाचे दोन तारे असतील तर निम्मे-निम्मे. तिथे 'ऊर्जा या ताऱ्याची' असे म्हणायची सोयच राहत नाही.

तेव्हा पाठ्यपुस्तकातील वाक्य असे पुरे करावे लागते : स्थितिज ऊर्जा एकट्या वस्तूची नसते, ती वस्तू आणि पृथ्वी या जोडीची असते, आणि त्या दोघींच्या परस्पर स्थितीवर अवलंबून असते. ऊर्जेला हे नाव स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने १८५३ साली दिले. त्याच्या मूळ शब्दात 'होऊ शकणारी' ऊर्जा असा भाव आहे. आपला 'स्थितिज' हा शब्द या बाबतीत उजवा म्हटला पाहिजे. स्थितीतून जन्मलेली ती स्थितिज. आणि स्थिती म्हटली की 'कोणाच्या संदर्भात?' हा प्रश्न आलाच.

उंची फार वाढली तर

'एमजीएच' या सूत्रात गुरुत्वत्वरण सगळीकडे सारखे धरलेले असते. प्रत्यक्षात पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर वाढते तसे तिचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. मग फार उंचीसाठी हिशेब कसा करायचा? कलनाशिवायही तो जमतो.

केंद्रापासूनची अंतरे अ१, अ२, अ३ अशी अगदी जवळजवळ घेऊ. अ१ ते अ२ या छोट्या टप्प्यात बल जवळजवळ सारखेच असते. ते क ÷ (अ१ × अ२) एवढे धरले तर चालते. इथे क म्हणजे गुरुत्व स्थिरांक, पृथ्वीचे वस्तुमान आणि वस्तूचे वस्तुमान यांचा गुणाकार. या बलाला टप्प्याच्या लांबीने, म्हणजे (अ२ − अ१) ने गुणले की कार्य मिळते :

क × (१/अ१ − १/अ२)

पुढच्या टप्प्याचे कार्य क × (१/अ२ − १/अ३). बेरीज करत गेलो की मधली सगळी पदे एकमेकांना खोडतात आणि फक्त पहिले व शेवटचे अंतर उरते. याची थोडी मांडामांड केली, तर शालेय सूत्राची दुरुस्ती फार सुटसुटीत निघते : 'एमजीएच' ला फक्त त्रिज्या ÷ (त्रिज्या + उंची) या अपूर्णांकाने गुणायचे. त्रिज्या म्हणजे पृथ्वीची, सुमारे ६३७० किलोमीटर.

कोयनेच्या ४७५ मीटरसाठी हा अपूर्णांक एकापेक्षा तेरा हजारांत एक इतकाच कमी आहे. एव्हरेस्टच्या शिखरासाठी फरक सातशेत एक. म्हणून जमिनीवरच्या सगळ्या कामांसाठी शालेय सूत्र उत्तम. पण दळणवळणाचे भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथे एक किलोसाठी साधे सूत्र सुमारे ३५ कोटी ज्यूल सांगते आणि खरे उत्तर सुमारे ५ कोटी ३० लाख ज्यूल येते. जवळजवळ सातपट चूक!

आणि वस्तू अनंत दूर नेली तर? वरच्या अपूर्णांकात उंची वाढवत गेलो की एकूण ऊर्जा एका मर्यादेपलीकडे जात नाही. ती मर्यादा आहे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × पृथ्वीची त्रिज्या. एका किलोसाठी सुमारे सव्वासहा कोटी ज्यूल, म्हणजे १७ युनिटांच्या थोडे वर. पृथ्वीच्या ओढीतून एक किलो वस्तू कायमची सोडवण्याची किंमत एवढीच. ती एकदम वेगाच्या रूपाने द्यायची तर तो वेग येतो सेकंदाला ११.२ किलोमीटर. हाच मुक्तिवेग. प्रत्यक्षात अग्निबाण स्वतःचे इंधन वाहत नेतो, म्हणून त्याचा खर्च याहून कितीतरी अधिक होतो, ती गोष्ट वेगळी.

उणे चिन्ह म्हणजे कर्ज

आता उणे चिन्हाचे कोडे आपोआप सुटते. शून्य कुठेही मांडता येतो हे आपण पाहिलेच. पृथ्वीवरच्या प्रश्नांत तो जमिनीवर मांडणे सोयीचे असते. पण चंद्र, मंगळ, सूर्य असे अनेक जण हिशेबात आले की कोणाच्या जमिनीवर मांडायचा? अशा वेळी सर्वांना सारखी अशी एकच जागा उरते : सगळे एकमेकांपासून अनंत दूर, कोणाचे कोणावर आकर्षण नाही. तिथे शून्य मांडला की त्याच्या अलीकडची प्रत्येक स्थिती उणे येते. जमिनीवरच्या एक किलो दगडाच्या आणि पृथ्वीच्या जोडीची ऊर्जा उणे सव्वासहा कोटी ज्यूल.

मुलांना याचा अर्थ कर्जाच्या भाषेत चटकन कळतो. जमिनीवरचा दगड पृथ्वीचा सव्वासहा कोटी ज्यूलचा देणेकरी आहे. शिवसागरातल्या एक किलो पाण्याचे देणे पोफळीतल्या पाण्यापेक्षा ४६५५ ज्यूलने कमी आहे. पाणी खाली पडते तेव्हा त्याचे कर्ज वाढते आणि तेवढी रक्कम गतिज ऊर्जेच्या रूपाने हाती येते. मुक्त व्हायचे असेल तर सगळे कर्ज फेडले पाहिजे. एखाद्या वस्तूची गतिज आणि स्थितिज ऊर्जा मिळून बेरीज उणे असेल, तर ती बांधलेली. शून्य किंवा अधिक असेल तर सुटलेली. वर्तुळाकार कक्षेतील उपग्रहाच्या हाती कर्जाच्या निम्मी रक्कम गतीच्या रूपाने असतेच, पण निम्मी कमी पडते. म्हणून तो फिरत राहतो, निसटत नाही.

आपल्या मंगळयानाने हे कर्ज हप्त्याहप्त्याने फेडले. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी ते श्रीहरिकोट्याहून निघाले, पण अग्निबाणाने त्याला एका दमात मुक्त केले नाही. पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले. पुढे नोव्हेंबरभर यानाने स्वतःचे इंजिन पुनःपुन्हा चालवून कक्षा मोठी केली. शेवटचा हप्ता १ डिसेंबर २०१३ रोजी भरला गेला आणि यान पृथ्वीच्या बंधनातून सुटले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत गेले. मात्र तेवढ्याने ते सर्वस्वी ऋणमुक्त झाले नाही. पृथ्वीच्या कक्षेच्या अंतरावर सूर्याचे देणे किलोमागे सुमारे ८९ कोटी ज्यूल आहे, पृथ्वीच्या देण्याच्या चौदापट. त्यातली निम्मी रक्कम पृथ्वीबरोबर फिरताना गतीच्या रूपाने आपल्या हाती असते; उरलेली निम्मी आपल्याला सूर्याशी बांधून ठेवते. ही बाकी आहे म्हणून वर्ष आहे आणि ऋतू पुन्हा पुन्हा येतात.

वर्गात काय बदलावे?

नववीच्या मुलांना अनंताचा शून्य शिकवावा असे आमचे म्हणणे नाही. 'एमजीएच' तसेच राहू द्यावे; त्यांच्या जगापुरते ते अगदी बरोबर आहे. मात्र तीन छोट्या सवयी आतापासून लावता येतील.

एक : उदाहरण सोडवण्यापूर्वी 'शून्य कुठे मांडला?' हे मुलांना लिहायला लावावे. एकच उदाहरण दोन वेगळे शून्य घेऊन सोडवावे आणि फरक तोच येतो हे त्यांचे त्यांना सापडू द्यावे. त्यात एखादे उत्तर उणे येऊ द्यावे, म्हणजे अकरावीत ते चिन्ह परके वाटणार नाही.

दोन : 'वस्तूत ऊर्जा आहे' असे म्हणताना निदान एकदा 'वस्तू आणि पृथ्वी या जोडीत' असे म्हणावे. रबर बांधलेल्या मोटारी दाखवायला पाच मिनिटे पुरतात.

तीन : उंचावरची कोणतीही वस्तू दिसली की 'हिला वर कोणी नेले, आणि त्याची ऊर्जा कुठून आली?' हा प्रश्न विचारायला शिकवावे. टाकीतले पाणी, झाडावरचा नारळ, घाटमाथ्यावरचा ढग, कक्षेतला उपग्रह, प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे, पण वही एकच आहे. हा प्रश्न ज्या मुलाच्या अंगवळणी पडला, तो मोठेपणी फुकटच्या विजेच्या यंत्रात पैसे घालणार नाही. आणि घालायला निघालेल्या शेजाऱ्याला वेळीच दोन प्रश्न विचारील.